चिरोट्यांतला डालडा

एका शाळेत ‘आपला वारसा’ या विषयावर प्रदर्शन भरवायचे ठरले. नववीतल्या एका मुलीने आजीची पाककृतींची वही आणली. घरात दर दिवाळीला होणारे साट्याचे चिरोटे तिला तक्त्यावर मांडायचे होते. वही उघडल्यावर मात्र ती अडखळली. ‘साट्यासाठी डालडा १ वाटी’ असे त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. घरात तर हे चिरोटे ‘पूर्वापार चालत आलेले, साजूक तुपातले’ म्हणूनच वाखाणले जात. ‘तक्त्यावर साजूक तूप लिहू का?’ असे तिने बाईंना विचारले. बाईंनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला.

प्रश्न छोटा आहे, पण तो इतिहासाच्या गाभ्याचा आहे. जुन्या कागदात आपल्याला गैरसोयीचे काही सापडले, तर आपण काय करतो? कागद झाकतो, की त्याला आणखी प्रश्न विचारतो? आपण दुसरा मार्ग धरून पाहू.

वहीचे वय

वहीवर तारीख नव्हती. तरीही तिचे वय काढता येते. खडकाच्या थरात विशिष्ट जीवाश्म सापडला की तो थर कोणत्या काळातला असेल याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधतात. पाककृतीत विकतचे पदार्थ हेच काम करतात.

‘डालडा’ या नावाने वनस्पती तूप आपल्याकडे १९३७ पासून विकले जाऊ लागले. म्हणजे हे पान त्याआधीचे असूच शकत नाही. ही झाली खालची मर्यादा. त्याच पानावर साखरेचे माप ‘५ छटाक’ असे होते आणि समासात वाणसामानाचा हिशेब रुपये-आण्यांत मांडलेला होता. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, आणि दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. तेव्हा पान बहुधा १९६० च्या आधीचे. ‘बहुधा’ असे म्हणण्याचे कारण आहे. वस्तू बाजारात येण्याआधी तिचे नाव कोणी लिहू शकत नाही, पण जुने माप रद्द झाल्यावरही माणसे ते वर्षानुवर्षे वापरत राहतात. म्हणून खालची मर्यादा पक्की असते आणि वरची सैल.

आणखी एक गंमत पुढे आली. साट्याच्या कृतीत ‘तांदळाची पिठी’ हे शब्द खोडून वर दुसऱ्या शाईने ‘कॉर्नफ्लोअर’ लिहिले होते. म्हणजे आजीने एकदा बदललेली कृती पुढे पुन्हा बदलली होती. ‘पूर्वापार’ म्हणवणाऱ्या कृतीत एकाच पानावर दोन थर निघाले!

छापील पुस्तकांशी ताडून पाहिले तर हा काळ अधिक स्पष्ट होतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. पहिल्या दोन पुस्तकांच्या काळात डालडा जन्माला आलेला नव्हता. तिसरे पुस्तक आले तेव्हा तो घराघरांत पोचलेला होता. आजीची वही या दोन काळांच्या मधली आहे.

तेलाचे तूप कसे झाले

तेल पातळ का असते आणि तूप घट्ट का? दोन्ही स्निग्ध पदार्थच. फरक आहे तो त्यांच्यातल्या मेदाम्लांच्या साखळ्यांत. तेलातील बऱ्याच साखळ्यांत कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात. अशा बंधापाशी साखळी वाकते. वाकड्या काठ्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, आणि तेल पातळ राहते. दुहेरी बंधाच्या जागी हायड्रोजन जोडला की साखळी सरळ होते आणि पदार्थ घट्ट होतो.

पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निकेलच्या साहाय्याने सेंद्रिय पदार्थांना हायड्रोजन जोडण्याची रीत शोधली. त्यासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रीत वायुरूप पदार्थांसाठी होती. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती द्रवरूप तेलांना लागू केली आणि १९०२ मध्ये त्यावर पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत १९११ मध्ये ‘क्रिस्को’ हे सरकीच्या तेलाचे घट्ट केलेले रूप बाजारात आले. त्याच्याबरोबर कंपनीने पाककृतींची पुस्तकेही काढली. तिथल्या कितीतरी घरांत आजीची म्हणून मिरवणारी कृती अशा एखाद्या पुस्तकातून किंवा डब्यावरच्या कागदावरून उतरलेली असते.

आपल्याकडे आधी हॉलंडहून वनस्पती तूप येत असे. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. मग पिवळा डबा, त्यावर हिरवे ताडाचे झाड आणि जोरदार जाहिराती. जाहिरातींत मुंबईचा पत्ता दिलेला असे आणि स्वयंपाकाविषयी सल्ला हवा असल्यास पत्र पाठवा, असे आवाहन असे. कंपनीने पाककृतींचे पुस्तकही अनेक भाषांत काढले. आजीच्या वहीतली एखादी ओळ थेट जाहिरातीतून आलेली असणे अशक्य नाही.

साट्याला काय हवे असते

आता चिरोट्यांकडे वळू. तूप पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसायचे, त्यात पिठी मिसळायची, हा झाला साटा. तो पोळ्यांना लावून पोळ्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, तुकडे कापायचे, लाटायचे आणि तळायचे. पोळ्यांमधला तुपाचा थर पिठाला पिठाशी चिकटू देत नाही. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती हे पापुद्रे एकमेकांपासून उचलते. एवढ्यासाठी लाटेपर्यंत तूप घट्ट राहायला हवे. ते वितळून पिठात मुरले, की पदर सुटत नाहीत.

आणि दिवाळी येते ती ऑक्टोबरच्या उन्हात. साजूक तूप त्या उष्म्यात मऊ पडते, हाताच्या उबेने पाघळते. म्हणून ते गार पाण्यात फेसत बसावे लागे. वनस्पती तुपाचा वितळणबिंदू कारखान्यात ठरवता येत असे, त्यामुळे ते परातीत टिकून राही. आजीने डालडा निवडला तो केवळ स्वस्त म्हणून नव्हे. साट्यासाठी तो खरोखरच सोयीचा होता.

पैशांचा हिशेबही करू. म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश धरला, तरी एक किलो तुपासाठी किमान चौदा लिटर दूध लागते. घरी दुभते जनावर असेल त्याला हे जमते. शहरातल्या दोन खोल्यांत, रतिबाच्या दुधावर राहणाऱ्या कुटुंबाला ताटभर चिरोटे तळणे या डब्यामुळेच परवडू लागले. म्हणजे डब्याने परंपरा मोडली असे म्हणण्याऐवजी, अनेक घरांत ती डब्यापासूनच सुरू झाली असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

आजी फसली होती का?

वनस्पती तुपाला विरोध तेव्हाही होता. गांधीजींनी १९४६ च्या सुमारास ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली होती. तुपात हे बेमालूम मिसळले जाते, ही मोठी तक्रार होती. त्यावर सरकारने एक युक्ती केली. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक केले. तिळाच्या तेलाची एक सोपी रासायनिक कसोटी आहे, त्यामुळे भेसळ पकडता येते. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्व मिसळण्याची सक्तीही झाली. या बंधनांमुळे सामान्य गृहिणीचा डब्यावर विश्वास बसला असल्यास नवल नाही.

खरा दोष उशिरा उघड झाला. तेल अर्धवट घट्ट करताना काही दुहेरी बंध तसेच राहतात, पण त्यांची रचना उलटते. यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की ही मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. आपल्याकडे खाद्यतेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांवर मर्यादा आली आणि ती उतरत जाऊन जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली. १९५० च्या सुमारास वहीत ‘डालडा’ लिहिणाऱ्या बाईला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. तिच्या काळच्या ज्ञानावर तिचा निर्णय तपासायचा, आणि आपला निर्णय आपल्या काळच्या ज्ञानावर घ्यायचा. ही दोन कामे वेगळी आहेत.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरच्या पाककृती, आहेत तशा, उतरवून आणायला सांगावे. मग प्रत्येक कृतीची ‘खालची मर्यादा’ काढावी. ‘कुकरच्या तीन शिट्या’ असे शब्द आले तर कृती १९५९ नंतरची, कारण प्रेशर कुकर भारतात त्या वर्षापासून बनू लागले. मॅगीच्या शेवया आल्या तर १९८३ नंतरची. ‘ग्रॅम’ आले तर बहुधा १९५८ नंतरची.

प्रयोगशाळेत तुपाची कसोटीही दाखवता येईल. परीक्षानळीत चमचाभर पातळ केलेले तूप, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून मिनिटभर हलवावे आणि पाच मिनिटे थांबावे. खालच्या थरात किरमिजी रंग आला, तर तुपात वनस्पती आहे. मात्र काही कृत्रिम रंगही नुसत्या आम्लाने लाल होतात. म्हणून साखर न घालता दुसरी नळी तुलनेसाठी ठेवावी. आम्ल तीव्र असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करावा.

एक सूचना मात्र जरूर करू. या कृतींवरून कोणाच्या आईला किंवा आजीला हसू देऊ नये. ‘आमच्या वेळी सगळे घरी करायचो, तुम्ही विकतचे आणता,’ हे वाक्य कितीतरी सुनांनी ऐकले आहे. ते ऐकवणाऱ्या सासूच्या वहीतही डालडा निघू शकतो, आणि तिच्या सासूने तिलाही असेच काही ऐकवलेले असू शकते. प्रत्येक पिढीने हाताशी आले ते वापरले आणि कष्टांतला काही भाग वाचवला. पोळ्या लाटायच्या, साटा लावायचा, पदर सुटेपर्यंत कढईपाशी उभे राहायचे, हे कष्ट कोणत्याच डब्यातून आले नव्हते.

म्हणून आमचे उत्तर असे : तक्त्यावर ‘डालडा’च लिहावे. त्यापुढे कंसात ‘१९३७ नंतर’ लिहावे. खोडलेली तांदळाची पिठी आणि वर लिहिलेले कॉर्नफ्लोअर, दोन्ही दाखवावे. आणि खाली मोकळी जागा ठेवावी. यंदाच्या दिवाळीत ती मुलगी साट्यात काय घालते, ते तिथे लिहायचे आहे.