रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील दारूचे प्रमाण

काडतुसाच्या कवचात प्रणोदक म्हणून घातलेल्या दारूच्या वजनास ‘भार’ असे म्हणतात. भार पुरेसा नसल्यास गोळी नळीत अडकते व मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडते. भार अधिक झाल्यास वायूच्या दाबाने शस्त्र फुटून ते वापरणाऱ्याचाच हात किंवा डोळा जातो. मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही मर्यादा विशेष अरुंद असते. त्याच्या फिरत्या सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा कोष्ठे बसवावी लागतात. व्यास जितका मोठा तितकी दोन कोष्ठांमधील व बाहेरच्या बाजूची भिंत पातळ होते.

काळ्या दारूच्या काळात हा प्रश्न तुलनेने सोपा होता. सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के अशा मिश्रणाची ही दारू बरीच जागा व्यापते. कवच काठोकाठ भरले, तरी योग्य दाण्याच्या दारूने चांगल्या शस्त्रास सहसा धोका पोहोचत नसे. १८७३ मध्ये अमेरिकेत प्रचारात आलेल्या ०·४५ इंची कोल्ट काडतुसाचे कवच अशाच मोठ्या भारासाठी आखलेले होते. कवचाचे आकारमान हेच भाराचे माप ठरे. काळ्या दारूचा खरा शत्रू ओल हा होता. मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू माचावर ठेवावी, तिला ओल लागू देऊ नये व ठराविक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, अशी ताकीद आढळते. दमट दारूचा जोर घटे आणि मग सवयीचे माप निरुपयोगी ठरे.

दारूचा जोर मोजण्याची साधने यूरोपात सोळाव्या शतकापासून होती. शस्त्राची परीक्षा नेहमीपेक्षा अधिक भार उडवून करण्याची पद्धतही जुनी असून लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. शस्त्राच्या आत प्रत्यक्ष किती दाब उत्पन्न होतो, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँड्रू नोबल यांनी तांब्याच्या लहान दंडगोलाच्या चेपण्यावरून मोजले. त्यामुळे भार ठरविणे हे अनुभवाचे काम न राहता मापनाचे काम झाले.

फ्रान्समध्ये पॉल व्येल यांनी १८८४ मध्ये धूमहीन दारू सिद्ध केली. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये एबल व ड्यूअर यांनी नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन व व्हॅसलीन यांपासून कॉर्डाइट तयार केले. समान वजनात या दारूंची शक्ती काळ्या दारूच्या कितीतरी पट असते. परिणामी कवच भरून दारू घालण्याची जुनी सवय प्राणघातक ठरली. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या ०·४५५ इंची काडतुसात २६५ ग्रेन (सु. १७·२ ग्रॅ.) वजनाची शिशाची गोळी व १८ ग्रेन (सु. १·१७ ग्रॅ.) काळी दारू असे. १८९४ मध्ये कॉर्डाइट आल्यावर भार सुमारे एकतृतीयांशावर आला. लांब कवचात हा थोडा भार इतस्ततः सरकून असमान जळत असल्यामुळे १८९७ मध्ये कवचच आखूड करण्यात आले. रिकामी जागा हाही भाराचाच एक घटक आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यासाठी काडतुसे तयार करण्याच्या कामी पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना महत्त्वाचा होता. तो १८६९ मध्ये सुरू झाला. त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली आढळतात. पुढे राज्यात अंबरनाथ (१९५३), वरणगाव (१९६४) व भंडारा येथे आयुधनिर्माणी उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून दारूगोळ्याचे कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या पुणे येथे मुख्यालय असलेल्या शासकीय कंपनीकडे आले. कारखान्यात प्रत्येक खेपेच्या दारूची चाचणी घेऊन भार नव्याने ठरविला जातो. कारण एकाच नावाच्या दोन खेपांचा जोरही तंतोतंत सारखा नसतो.

घरी काडतुसे भरण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेत वाढली. एल्मर कीथ या शिकाऱ्याने १९२५ च्या सुमारास भारी गोळी व प्रखर भार वापरल्याने त्याचे जुने ०·४५ इंची रिव्हॉल्व्हर फुटले. त्यानंतर तो भिंती जाड असलेल्या ०·४४ इंची रिव्हॉल्व्हरकडे वळला. त्याच्या प्रयोगांच्या प्रेरणेने १९५५ च्या अखेरीस ०·४४ मॅग्नम काडतूस निघाले. त्याचे कवच मुद्दाम सु. ३ मिमी. अधिक लांब ठेवण्यात आले. त्यामुळे ते जुन्या, कमकुवत शस्त्रात बसतच नाही. जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हरे घासून त्यांत अधिक दाबाची ०·४५ इंची पिस्तुलाची काडतुसे वापरण्याचा प्रकारही पुष्कळदा धोकादायक ठरला.

या अनुभवांतून पुढील नियम रूढ झाले. उत्पादकाने चाचणी करून प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील किमान भारापासून आरंभ करावा, तो अल्प प्रमाणात वाढवावा व कमाल मर्यादा ओलांडू नये. गोळीचे वजन, ती कवचात किती खोल बसते, कवच व टोपी यांपैकी काहीही बदलल्यास पुन्हा खालून सुरुवात करावी. कारण गोळी खोल बसल्यास आतली जागा घटून दाब झपाट्याने वाढतो. एका दारूचे वजन दुसरीस लावू नये. भार तोलूनच घ्यावा व गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक कवचात डोकावून पाहावे. थोड्या जागेत मावणारा धूमहीन भार दोनदा पडला, तरी बाहेरून कळत नाही. टोपी चपटी होणे, कवच कोष्ठात अडकणे ही दाबाची चिन्हे अनेकदा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यास पुरेसा नाही. भांडुपसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात या निर्बंधाचा अर्थ अधिकच स्पष्ट होतो; तेथे चुकीची किंमत शेजाऱ्यांनाही मोजावी लागेल. प्रशिक्षित हातांनाही हा धोका चुकत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा आयुधनिर्माणीत झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची अमात्यांची ताकीद तीन शतकांनंतरही तितकीच लागू आहे.