गिटारच्या सहा तारांवर अभंग आणि शबद
गायकाविना भक्तिसंगीत वाजविताना मिळवणी, रागनियम आणि ठेका यांचा विचार

नांदेड-लातूर (प्रतिनिधी) : नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे रोज गुरुबाणीचे कीर्तन होते आणि नांदेड-लातूर जिल्ह्यांतील गावोगावी काकडा, हरिपाठ व टाळ-मृदंगाचे भजन चालते. मराठवाड्याच्या या भागात भक्तिसंगीताचे दोन मोठे प्रवाह असे शेजारी शेजारी नांदत आले आहेत. या घरांतील तरुणांच्या हाती आता गिटारही आलेली आहे. कानावर लहानपणापासून पडलेली चाल या वाद्यावर, गायकाशिवाय, एकट्याने वाजविता येईल का, हा प्रश्न त्यातून साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. पाश्चात्त्य गाण्याच्या सवयीने आधी कॉर्ड शोधून त्यावर चाल बसविली, तर ती चाल ओळखू येते, पण तिचा भाव हरवतो. शब्द, राग आणि ठेका या क्रमाने विचार केला, तर शब्द न उच्चारताही ते श्रोत्याच्या मनात उमटतात.

नामदेवांचा दुवा

या दोन प्रवाहांना जोडणारे नाव संत नामदेवांचे. परंपरेनुसार त्यांचे मूळ गाव असलेले नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात, नांदेडच्या शेजारीच आहे. नामदेवांच्या मराठी अभंगांबरोबरच त्यांची ६१ पदे श्री गुरू ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट असून ती १८ रागांत विभागलेली आहेत. १७०८ मध्ये नांदेड येथेच श्री गुरू गोविंदसिंहजींनी ग्रंथाला गुरुपद दिले. १,४३० पृष्ठांच्या या ग्रंथाची मुख्य रचना विषयवार नसून रागवार आहे. श्री रागापासून जैजैवंतीपर्यंत ३१ प्रमुख रागांची शीर्षके त्यात येतात. राग हा येथे रचनेच्या अर्थाचाच भाग मानला जातो. वाद्यावर शबद बसविताना रागनियम सैल करणे म्हणूनच गैर ठरते.

रागाचे नाव ओळखीचे वाटले तरी सावध राहावे लागते. माझ, तुखारी असे राग हिंदुस्थानी मैफिलीत सहसा ऐकू येत नाहीत. आसासारख्या रागाचे गुरमत परंपरेतील चलन पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर जाणत्या रागी मंडळींकडून ऐकून घेणेच श्रेयस्कर.

तंतुवाद्यांची जुनी सोबत

भक्तिसंगीतात तारेचे वाद्य परके नाही. गुरू नानकदेवांच्या गायनाला भाई मरदाना यांच्या रबाबाची साथ होती. सारंदा, ताऊस, दिलरुबा ही वाद्येही शीख परंपरेत रुजली. पुढे हार्मोनियमने त्यांची जागा घेतली. स्थिर स्वरांच्या या पेटीतून मींड निघत नाही, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पासून शिथिल झाली. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने दूर करून तंतुवाद्ये पुन्हा आणावीत, अशी सूचना अकाल तख्ताने २०२२ मध्ये केली. गिटारवादकाने हा वाद लक्षात ठेवावा, कारण गिटारचे पडदेही पेटीच्या पट्ट्यांप्रमाणेच स्थिर असतात.

गायनासाठी रचलेले धर्मसंगीत एकाच तंतुवाद्यावर उतरविण्याची प्रथा युरोपातही जुनी आहे. स्पेनच्या लुईस दे नार्व्हाएझ याने १५३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जोस्कँ या रचनाकाराच्या अनेककंठी प्रार्थनासंगीताचे काही भाग विहुएला या गिटारसदृश वाद्यासाठी लिहिले. भारतात गिटारला रागसंगीतात मान मिळवून दिला तो पं. ब्रिजभूषण काबरा यांनी. पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांचे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे ध्वनिमुद्रण १९६७ मधील. मोहनवीणावादक पं. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये राय कूडर यांच्यासमवेत ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हे दोघेही गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पोलादी कांडी सरकवीत वाजविणारे. मींडेसाठी ती पद्धत सोयीची आहे. येथे मात्र बोटांनी वाजवावयाच्या साध्या उभ्या गिटारचा विचार केला आहे.

शब्द हाच आराखडा

वाजविण्यापूर्वी पद संपूर्ण पाठ करून गुणगुणावे. अभंगात ध्रुपद आणि शबदात ‘रहाउ’ची ओळ हा रचनेचा कणा असतो. वादनाची सुरुवात याच ओळीने करावी आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर तिच्याकडे परतावे.

मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. छोट्या अभंगाच्या दोन चरणांत प्रत्येकी आठ. जेथे नवे अक्षर येते तेथे उजव्या हाताचा नवा आघात द्यावा आणि जेथे एकच अक्षर अनेक स्वरांवर लांबते तेथे आघात न करता डाव्या हाताच्या बोटांनी पुढचा स्वर काढावा. एवढा एकच नियम पाळला, तरी चाल बोलू लागते. मोठ्या अभंगाच्या अखेरच्या चरणात अक्षरे कमी असल्याने स्वर लांबतो. गिटारचा स्वर मात्र काही क्षणांत विरतो. ती पोकळी स्वरांच्या गर्दीने भरू नये. खर्जातील षड्ज-पंचम हळुवार छेडावेत.

तारांची मिळवणी

गिटारच्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा मिळविलेल्या असतात. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवावी आणि डी, म्हणजेच पांढरी दोन, हा षड्ज मानावा. मग सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारेवर सा, प, सा असा घरचा तानपुरा तयार होतो. मध्य षड्ज दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, तर तार षड्ज पहिल्या तारेच्या दहाव्या पडद्यावर मिळतो.

उदाहरणादाखल भूप घेऊ. अभंगाच्या चालींत हा राग परिचित आहे आणि गुरू ग्रंथ साहिबमध्येही ‘कल्याण भोपाली’ असे शीर्षक येते. या मिळवणीत उघडी तिसरी तार मध्यम देते आणि भुपात मध्यम वर्ज्य आहे. तिसरी तार एका पडद्याइतकी उतरविली की ती गंधार होते. आता जाड तारेपासून सा, प, सा, ग, ध, रे असे स्वर मिळतात. भुपाचे पाचही स्वर उघड्या तारांवर येतात आणि कोणतीही तार चुकून वाजली तरी राग बिघडत नाही.

मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागात पाचवी तार ए वरून जी वर, म्हणजे मध्यमावर उतरवावी. तेथे पहिली व दुसरी तार उघडी वाजू देऊ नये, कारण शुद्ध ऋषभ आणि शुद्ध धैवत मालकंसात नाहीत.

कॉर्डचा मोह

नवशिक्याला प्रथम शिकविल्या जातात त्या तीन कॉर्ड डी, जी आणि ए. भुपाच्या चालीला त्या लावून पाहिल्या, तर जी कॉर्डमध्ये मध्यम आणि ए कॉर्डमध्ये निषाद येतो. हे दोन्ही स्वर रागात वर्ज्य आहेत. म्हणजे तीनपैकी दोन कॉर्ड राग मोडतात. सोबतीचा स्वर निवडताना तो रागात आहे किंवा नाही, ही पहिली कसोटी लावावी. बहुतेक ठिकाणी षड्ज आणि पंचम एवढे पुरतात. क्वचित ध्रुपदाच्या शेवटी तिसरा स्वर जोडल्यास तो उठून दिसतो, तो क्वचित येतो म्हणूनच.

पडद्यांची मर्यादा

गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसविलेले असतात. एका भागाचे शंभर अंश मानले, तर पडद्यावरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० अंशांवर येतो. तानपुऱ्याच्या झंकारातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ अंशांवर असतो. हा फरक कानाला जाणवतो. तार ओढल्याने स्वर चढतो, उतरत नाही. म्हणून गंधाराचा पडदा दाबून ही चूक सुधारता येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावरचा कोमल गंधार घ्यावा आणि तार आडवी ओढीत, कानाने ऐकत, शुद्ध गंधारावर थांबावे. यातून मींडही साधते. भुपाच्या मिळवणीत तिसरी तार षड्जाशी कानाने जुळवून खऱ्या गंधारावर आणावी आणि उघडीच वाजवावी. तिच्या तिसऱ्या पडद्यावरचा पंचम मग किंचित उतरलेला लागतो. तो चौथ्या तारेच्या सातव्या पडद्यावर घ्यावा.

नायलॉनच्या तारा गोड वाजतात, पण ओढल्यावर स्वर फारसा चढत नाही. पोलादी तारांवर मींड अधिक मिळते, मात्र बोटांना त्रास होतो. भैरवातील आंदोलित ऋषभ-धैवतासाठी पोलादी तारा बऱ्या.

अंगठ्यातील ठेका

भजनी ठेका आठ मात्रांचा. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर हा ठेका धरतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका चाल वाजवितात. अंगठा आणि चाल आधी वेगवेगळी पक्की करून मगच एकत्र आणावीत. लय मध्य ठेवावी. विलंबित लयीत स्वर टिकत नाही आणि द्रुत लयीत अक्षरे तुटतात.

भजनात मुख्य गायकाने म्हटलेली ओळ टाळकरी उचलून धरतात. एकट्या वाद्यावर हा संवाद दाखविता येतो. ओळ प्रथम बारीक तारांवर एकेरी वाजवावी. दुसऱ्यांदा तीच खालच्या सप्तकात किंवा खर्जासह भरीव वाजवावी. श्रोता आपोआप दुसऱ्या वेळी मनात गाऊ लागतो.

वाद्य आणि स्थळ

मराठवाड्याच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात गिटारचे लाकूड आकसून तडकण्याचा धोका असतो. वाद्य भिंतीवर टांगून न ठेवता बंद पेटीत ठेवावे आणि पेटीत, लाकडाला स्पर्श होणार नाही अशा बेताने, छिद्रे पाडलेल्या डबीत ओलसर स्पंज ठेवावा.

कोठे वाजवावे, याचाही विवेक हवा. गुरुद्वारा, मंदिर आणि फडावरील कीर्तन यांच्या आपापल्या मर्यादा आहेत. तेथे शब्द हाच प्रधान आणि वाद्य त्याच्या सेवेत असते. शब्दाविना वाजविलेल्या चालीची जागा घर, शाळा किंवा संगीतसभा ही होय. धार्मिक स्थळी वाजवावयाचे झाल्यास तेथील जाणत्यांना आधी विचारणे उचित.

प्रारंभासाठी स्वतःला पूर्ण पाठ असलेला, चार-पाच स्वरांत फिरणारा एकच अभंग किंवा शबद निवडावा. तो बसला, याची खात्री स्वतःच्या कानाने करू नये. चाल जाणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर, पदाचे नाव न सांगता ती वाजवावी. ऐकताना त्यांच्या ओठांवर शब्द आले, तर मांडणी बरोबर झाली असे समजावे.