‘अशी ही बनवाबनवी’ आणि तिचे टीकाकार

उदगीरचें नांव निघालें कीं इतिहासाच्या अभ्यासकास १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामावर मिळविलेला विजय आठवतो, आणि साहित्यरसिकास २०२२ च्या एप्रिलांत येथें भरलेलें पंचाण्णवावें मराठी साहित्य संमेलन. अशा गांवीं बसून एका हास्यपटाविषयीं लिहावें, हें कित्येकांस आमच्या वयास व व्यवसायास न शोभणारें वाटेल. परंतु निमित्तच तसें घडलें. पदवीच्या वर्गांत विनोदाचा विचार चालला असतां एका विद्यार्थ्यानें ‘अशी ही बनवाबनवी’चा दाखला दिला आणि सारा वर्ग हंसला. एक विद्यार्थिनी मात्र हंसली नाहीं. “सर, ज्या बाईनें विश्वासानें घर दिलें तिलाच फसविलें, यांत हंसण्यासारखें काय?” असें तिनें विचारलें. आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर या चित्रपटावरील मतांचा मागोवा घेतला, तेव्हां हा वाद आमच्या वर्गापुरता नाहीं असें दिसून आलें.

किरण शांताराम यांनीं निर्मिलेला आणि सचिन पिळगांवकर यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८८ सालचा. पुण्यांत राहावयास जागा मिळेना म्हणून चार अविवाहित मित्र दोन जोडपीं असल्याची बतावणी करतात. दोघे स्त्रीवेष घेतात. लीलाबाई काळभोर या वृद्ध मालकिणीच्या घरांत बिऱ्हाड थाटतात. आणि मग चौघेही प्रेमांत पडतात. नायक एक नसून चार, नायिकाही चार. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः सचिन आणि सिद्धार्थ रे यांच्यांत कोण मुख्य हें सांगतां येऊं नये, अशी ही मांडणी आहे.

टीकाकारांचा पहिला आक्षेप उसनेपणाचा. हें कथानक हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलें आहे, ही गोष्ट खरी. पण उसनेपणा हा दोष मानला तर देवलांच्या ‘संशयकल्लोळा’चें काय करावयाचें? १९१६ सालीं संगीत रूपानें रंगभूमीवर आलेलें हें नाटक मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलें, आणि मर्फीनेंही मोलियेरकडून उचललें होतें. तरीही फाल्गुनराव आज आपला वाटतो. बीं कोणाच्या कोठारांतलें यापेक्षां तें कोणत्या मातींत रुजलें हें पाहावें. येथें ती माती वसंत सबनिसांची आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या या लेखकानें पुणेरी बोलण्याला वगनाट्याची हजरजबाबी चाल दिली, म्हणूनच त्यांतले संवाद आज आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं म्हणीसारखे बसले आहेत.

दुसरा आक्षेप उथळपणाचा. ‘श्यामची आई’ला १९५४ सालीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें; त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे पुन्हा यावयास २००४ सालीं ‘श्वास’ यावा लागला. मधल्या काळांतील हास्यपटांच्या लाटेनें मराठी अभिरुची बुडविली, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं याच लाटेनें चित्रपटगृहांत मराठी प्रेक्षक टिकवून धरला. आम्हांस दोन्ही म्हणणीं अर्धीच खरीं वाटतात. लाटेबरोबर पुष्कळ पालापाचोळा येतो. म्हणून जी नाव तरली तिलाही पाचोळा म्हणावें, हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप नीतीचा, आणि तो कालपरत्वें रूप पालटतो. याच्या बरोबर पन्नास वर्षें आधीं, १९३८ सालीं, अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनीं ‘ब्रह्मचारी’ काढला. त्यांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत दिसल्या आणि गहजब झाला. ब्रह्मचर्याच्या ढोंगाची त्यांतील थट्टा बाजूस राहिली. आज त्या पोशाखाचें कोणास कांहीं वाटत नाहीं. उलट पुरुषांनीं स्त्रीवेष घेऊन केलेली थट्टा आणि मधुमेही घरमालकाकडून औषधाच्या नांवाखालीं उकळलेले पैसे आजच्या टीकाकारास खुपतात. स्त्रीवेषाविषयीं एवढेंच म्हणूं कीं १९८८ हें बालगंधर्वांचें जन्मशताब्दीचें वर्ष होतें. त्यांच्या स्त्रीरूपाला महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें. तेव्हां आक्षेप वेषावर नसून त्यामागील हेतूवर असला पाहिजे.

आणि हेतूकडे वळलें कीं घराचा प्रश्न उभा राहतो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठविलीं आणि भाडेकरूस घराबाहेर काढणें दुरापास्त केलें. गरिबाच्या रक्षणासाठीं केलेल्या या कायद्याचा दुसरा परिणाम असा झाला कीं मालक नवा भाडेकरू घेण्यासच धजेनासा झाला. घेतलाच तर कुटुंबवत्सल माणूस पारखून घेई. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत हीच स्थिति होती. चौघांची बनवाबनवी या भयांतून जन्मली आहे. म्हणूनच तिचा मूळ विनोद आम्हांस खरा वाटतो, आणि औषधाच्या पैशांचा प्रसंग मात्र, हंसूं आलें तरी, समर्थनीय वाटत नाहीं. तेथें फसवणुकीस गरजेचा आधार उरत नाहीं.

इतका विचार करून आम्हीं तो त्या विद्यार्थिनीस सांगितला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, “सर, आमची आई उदगीरांत दोन खोल्या भाड्यानें देते. वडील गेल्यापासून घर त्याच्यावरच चालतें. खोली मागायला मुलगा आला कीं ती आधीं त्याचा चेहरा पाहते.” आम्ही निरुत्तर झालों. आमचे कितीतरी विद्यार्थी पुण्यास जाऊन खोलीसाठीं दारोदार हिंडतात, म्हणून आम्हीं आजवर हा चित्रपट भाडेकरूच्या बाजूनें पाहिला होता. स्तुति करणारे आणि निंदा करणारे दोघेही उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. आंतून दार उघडणाऱ्या बाईस काय वाटतें, हें आम्हीं कोणीच विचारलें नव्हतें.

चित्रपटानें मात्र तें अगदींच विसरलेलें नाहीं. शेवटीं खरें बाहेर येतें, तेव्हां क्षमा करण्याचा अधिकार लीलाबाईंकडेच राहतो. ती क्षमा थोडी स्वस्तांत मिळते, हें आमच्या विद्यार्थिनीचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पुढील वर्षीं हा विषय शिकवितांना आम्ही तिच्या प्रश्नापासूनच आरंभ करणार आहों.