जस्ताच्या पेट्या

घर घेताना आपण काय काय बघतो? पाणी किती वेळ येतं, भिंतींना ओल आहे का, पार्किंग मिळतं का, सातबारा किंवा इंडेक्स-टू स्वच्छ आहे का. वाळवी मात्र बहुतेक जण राहायला गेल्यावर बघतात. फर्निचर करायला सुतार येतो, चौकटीवर बोटानं टकटक करतो आणि म्हणतो, "साहेब, ही आतून पोकळ आहे." आजच्या भागात आपण अशा एका देशाची गोष्ट ऐकणार आहोत, जिथे ही टकटक घरविक्रीच्या कागदपत्रांचा भाग झाली. देश आहे फ्रान्स. गोष्ट सुरू होते ती मात्र एका सरकारी दफ्तरखान्यात.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नावाचं बंदर आहे. अठराव्या शतकात इथून जहाजं कॅनडाला जायची, कॅरिबियन बेटांवर जायची. साखर यायची, लाकूड यायचं, आणि या शहराच्या श्रीमंतीत गुलामांच्या व्यापाराचाही मोठा वाटा होता. दक्षिणेला जवळच रोशफोर आहे. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ पासून, तिथे आरमाराची गोदी उभी राहिली. म्हणजे सगळा परिसर जहाजांचा, लाकडाचा आणि दमट हवेचा. वाळवीला आणखी काय हवं?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आर्मां द कात्रफाज हे निसर्गशास्त्रज्ञ ला रोशेलला आले. इथल्या वाळवीवरचं त्यांचं टिपण १८५३ सालचं आहे. त्यांना दिसलं की शहराच्या दोन टोकांना वाळवीनं ठाण मांडलंय. एक टोक शस्त्रागाराचं, दुसरं प्रीफेक्टच्या कचेरीचं. प्रीफेक्ट म्हणजे साधारण आपला जिल्हाधिकारी. या कचेरीत जिल्ह्याचे जुने कागद होते. दप्तरं ओळीनं लावलेली, वरून बघितलं तर सगळं जागच्या जागी. प्रत्यक्षात आतले कागद केव्हाच फस्त झाले होते. वाळवीनं वरचा कागद आणि कडा तेवढ्या शाबूत ठेवल्या होत्या. पुढे तिथे कागद जस्ताच्या पेट्यांत ठेवायची पाळी आली.

यात वाळवीची काही लबाडी नाही बरं का. तिच्या कामकरी किड्यांची त्वचा पातळ आणि मऊ असते, उघड्या हवेत ते पटकन सुकून मरतात. म्हणून ते उजेडात येतच नाहीत. लाकडाचा वरचा पापुद्रा हे त्यांचं छप्पर, आणि छप्पर कोण खाईल? उघड्यावरून जायची वेळ आलीच तर मातीची बोटभर रुंद नळी बांधतात आणि तिच्या आतून जातात. आपल्याकडे भिंतीवर दिसते ना, तीच ती. थोडक्यात, नुकसान बाहेरून दिसत नाही हा वाळवीच्या जगण्याचाच नियम आहे. तेव्हा "मला काही दिसलं नव्हतं" असं म्हणणारा घरमालक कधीकधी अगदी खरं बोलत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा कायदा याच वाक्याभोवती फिरतो.

त्याच भागातल्या तोने-शारांत गावचा एक किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. जेवणाच्या खोलीची जमीन लाकडी होती. पाहुणे जेवायला बसले आणि जमिनीसकट यजमान, पाहुणे सगळे खाली गेले. वाढवून सांगितला असेल, तरी अशक्य काहीच नाही.

ही वाळवी आली कुठून? त्या काळी लोकांचा संशय वसाहतींतून येणाऱ्या मालावर होता. १९२४ मध्ये ज्याँ फेतो यांनी ती वेगळी जात असल्याचं मांडलं आणि सँतोंज या तिथल्या प्रांताचंच नाव तिला दिलं. म्हणजे पाहुणी चक्क गावकरी झाली! अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी मात्र तिचं माहेर उत्तर अमेरिकेत असल्याचं दाखवलं, आणि धागा जास्त करून लुइझियानाकडे जातो. लुइझियाना ही एके काळी फ्रान्सचीच वसाहत. यातली गंमत अशी की या अमेरिकन जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन अमेरिकेत झालंच नव्हतं. ते १८३७ मध्ये विन्सेंझ कोलार यांनी केलं, व्हिएन्नाच्या श्योनब्रुन राजवाड्यातल्या काचघरांत सापडलेल्या किड्यांवरून. तिथेही ती अशीच कुणाच्या तरी सामानातून पोचली असणार.

या जातीचा एक गुण फार त्रासदायक आहे. तिला नवं राज्य वसवायला पंखवाली राणीच लागते असं नाही. वाळवी लागलेल्या वाशाचा तुकडा गाडीत टाकून दुसऱ्या गावी नेला, तर त्यातल्या काही किड्यांमधूनच पुढे प्रजा वाढवणारे तयार होऊ शकतात. जुनं घर पाडून त्याचं लाकूड स्वस्तात विकणारा माणूस नकळत वाळवीच विकत असतो.

आता कायद्याकडे येऊ. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत छुप्या दोषांचा नियम आहे. विकलेल्या वस्तूत न दिसणारा दोष निघाला तर विकणारा जबाबदार, त्याला तो माहीत नसला तरी. पण त्यातच एक पळवाट आहे. माहीत नसलेल्या दोषांची जबाबदारी आपल्यावर नाही, असं विकणारा करारात लिहून घेऊ शकतो. जुनी घरं विकताना हे कलम सर्रास टाकलं जायचं. म्हणजे हिशेब असा झाला: बघितलं आणि वाळवी सापडली तर किंमत पडणार, न बघितलं तर निर्धास्त. मग कोण कशाला बघेल? शेजाऱ्यालाही सांगायचं नाही, गल्लीचं नाव खराब होईल. वाळवी मात्र सामाईक भिंतीखालून शांतपणे पुढच्या घरात जात राहायची.

८ जून १९९९ च्या कायद्यानं हा हिशेब उलटवला. घरात वाळवी असल्याचं कळलं की महिन्याच्या आत नगरपालिकेला कळवायचं. घरात भाडेकरू राहत असेल तर आधी त्यानं कळवायचं. इमारतीच्या सामाईक भागात असेल तर आपल्या भाषेत सोसायटीनं. जिथे वाळवी आहे किंवा लवकरच येईल अशी शक्यता आहे तो भाग प्रीफेक्ट जाहीर करणार. पॅरिस पूर्ण शहरच २००३ मध्ये या यादीत गेलं! लागण झालेलं लाकूड जागेवरच जाळायचं, आणि ते जमत नसेल तर हलवण्याआधी त्यावर उपचार करायचा.

आणि मुख्य मुद्दा घरविक्रीचा. जाहीर भागात घर विकायचं तर वाळवीच्या तपासणीचा अहवाल जोडायचा. नाही जोडला, तर "मला माहीत नव्हतं" हे कलम विकणाऱ्याच्या कामाचं राहत नाही. मला यातली हुशारी आवडते. विकणाऱ्यानं प्रामाणिक असावं अशी अपेक्षा कायदा ठेवतच नाही, फक्त अज्ञान महाग करून ठेवतो.

तपासणीला येणारा माणूस टॉर्च, टोच्या आणि पेचकस घेऊन येतो. चौकटींचे खालचे कोपरे, जिन्याच्या पायऱ्या, तळघर, बागेतली झाडांची खोडं, लाकडाचा साठा सगळं बघतो. फोडतोड मात्र करत नाही. ज्या खोल्या बघता आल्या नाहीत त्या अहवालात नोंदवाव्या लागतात, आणि खरेदीदारानं आधी तेवढं पान वाचावं असं माझं मत. सही करताना अहवाल सहा महिन्यांच्या आतला लागतो. आणि ज्यानं तपासायचं त्याचे फवारणी करणाऱ्याशी हितसंबंध असता कामा नयेत. आपल्याकडे मोफत तपासणी करणारा आणि औषध मारणारा बहुधा एकच असतो, त्यामुळे त्याला वाळवी सापडतेच!

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर विकणाऱ्यानं आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष उघड करायलाच हवा. कलम चांगलं आहे. पण सगळा भार "माहीत असलेला" या दोन शब्दांवर आहे, आणि मालकाला तो माहीत होता हे कोर्टात सिद्ध करणं किती अवघड, ते वकिलांना विचारा. वाळवीपासून इमारत कशी राखायची याचं भारतीय मानकही आहे, आयएस ६३१३. त्यात बांधकामापूर्वीचे उपचार आहेत, उभ्या इमारतीवरचे उपचारही आहेत. तेव्हा जुना वाडा, बंगला किंवा तळमजल्यावरचा फ्लॅट घेत असाल, तर विसार देण्याआधी दोन गोष्टी करा. विकणाऱ्याकडून लेखी घ्या की वाळवी कधी लागली होती का, औषध केव्हा मारलं, पावती आहे का. आणि औषध न विकणारा एखादा माणूस, ओळखीचा जुना सुतार असला तरी चालेल, त्याला सोबत न्या. भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट त्याच्यासमोर सरकवायला सांगा.