प्रोस्टेट कॅन्सर: पेशींचे ब्रेक कुठे निकामी होतात?

पेशींच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर जनुकं म्हणतात. यांच्या सहसा दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. म्हणजे बॅकअप आहेच. बहुतेकदा दोन्ही बिघडल्या की मगच ब्रेक जातो.

प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीटीईएन हे नाव सारखं येतं. १० व्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. पेशीच्या आवरणात पीआयपी३ नावाचा रेणू ‘वाढत राहा’ असा सिग्नल देतो. पीटीईएनचं प्रोटीन त्यातला एक फॉस्फेट काढून तो सिग्नल बंद करतं. पीटीईएनच गेलं की सिग्नल चालूच. लॅबमध्ये वापरतात त्या पीसी-३ पेशींत ते नाही, आणि पी५३ हा दुसरा ब्रेकही नाही.

डीयू१४५ पेशींचा किस्सा मला भारी वाटतो. त्यांच्या आरबी१ जनुकातला एक तुकडाच वाचला जात नाही. १९९० मध्ये संशोधकांनी त्यांत चांगलं आरबी१ घातलं. डिशमध्ये पेशी पूर्वीच्याच वेगाने वाढल्या, पण उंदरांत त्यांच्या गाठी होईनात! अर्थात, रुग्णाच्या प्रत्येक पेशीत असा पॅच टाकता येत नाही.

मग उपयोग काय? बीआरसीए२ बघा. स्तनाच्या कॅन्सरमुळे माहीत असलेलं हे डीएनए दुरुस्तीचं जनुक पुरुषांतही बिघडतं. अशा काही रुग्णांसाठी ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. हा बिघाड जन्मजात असेल तर मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे बाबांच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए२ दिसलं, तर जेनेटिक टेस्टबद्दल डॉक्टरांना बहिणीसाठीही विचारा.