बेवारस गाडी, पोलीस आणि सरावलीचे रस्ते

बेवारस मालाचे काय करायचे याची रीत मोटारीपेक्षा जुनी आहे. मोकाट गुरांसंबंधीच्या १८७१ च्या कायद्याने ती कोंडवाड्यापुरती अगदी नेमकी बांधून दिली होती. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे. सात दिवसांत मालक फिरकला नाही, तर पोलीस ठाण्यात नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची आणि आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव करायचा. मालक आलाच तर दंड आणि वैरणीचा खर्च त्याच्याकडून वसूल होई. एकूण दोन आठवड्यांत निकाल. एवढी घाई असण्याचे कारण उघड आहे: कोंडलेल्या जनावराला रोज चारापाणी लागते. मोटारीला काहीच लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे पडून राहते.

बोईसरला लागून असलेली सरावली मुळात भातशेतीच्या पट्ट्यातली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले. कारखान्यांमागून चाळी आल्या, चाळींमागून इमारती आणि त्यांच्या दारात गाड्या. कंत्राटी कामावर आलेला माणूस काम संपले की दुसऱ्या गावी जातो. त्याची जुनी गाडी चालू असेल तर बरोबर जाते, नसेल तर इमारतीच्या कडेला राहते. आधी टायर बसतात. मग बॅटरी नाहीशी होते, त्यानंतर आरसे. पावसाळ्यात चाकांभोवती गवत उगवते आणि एके दिवशी चाकेच जाऊन तिथे विटा येतात. तोवर गाडी ‘बेवारस’ आहे याबद्दल गल्लीत कुणालाच शंका उरलेली नसते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बेवारस ठरायला दहा तासही पुरतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी टोइंग करून हलवू शकतो किंवा तिला जॅमर लावू शकतो. मोडकी, जळालेली किंवा सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर तितकाही वेळ थांबावे लागत नाही. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. अडचण ‘सार्वजनिक जागी’ या दोन शब्दांत आहे. सोसायटीच्या आवारातल्या गाडीला हे कलम लागत नाही.

मुंबईत महापालिका गाडीच्या काचेवर नोटीस चिकटवते आणि मुदत संपली की गाडी उचलते. सरावलीला महापालिका नाही, नगरपरिषदही नाही. इथे ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायत कायद्याचे, म्हणजे १९५८ च्या कायद्याचे, कलम ५३ रस्त्यावरचे अडथळे काढण्याचा अधिकार तिला देते. पण अधिकार असला म्हणून क्रेन आणि गाड्या ठेवायला जागा मिळतेच असे नाही. त्यातच औद्योगिक वसाहतीतले रस्ते महामंडळाचे आणि गल्ल्या पंचायतीच्या. शेवटी तक्रार पोलीस ठाण्यातच जाते.

पोलिसांचे पहिले काम मालक शोधण्याचे. नंबरप्लेट नसेल तर चॅसी नंबरवरची धूळ आणि गंज पुसून तो टिपायचा, पंचनामा करायचा आणि परिवहन कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहायचा. नोंदीतला माणूस बहुतेकदा ‘गाडी केव्हाच विकली’ असे सांगतो. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी हातोहात फिरवण्याची सवय जुनी आहे. नोंद बदललेली नसेल, तर कायद्यापुढे मालक तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे.

मालक सापडलाच नाही तर फौजदारी प्रक्रियेची वाट धरावी लागते. १८९८ च्या संहितेत दंडाधिकाऱ्याने जाहीर सूचना काढून हक्क सांगायला सहा महिने द्यावेत असे होते. १९७३ च्या संहितेने ती मुदत कायम ठेवली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. प्रत्यक्षात गाड्या ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून सडत राहिल्या. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने याच सडण्यावर बोट ठेवले: फोटो काढा, पंचनामा करा, हमी घेऊन गाडी मालकाला द्या आणि कुणीच न्यायला आले नाही तर लिलाव करा.

मधल्या काळात उभ्या गाडीकडे पाहण्याची नजरही बदलली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत गाड्यांमध्ये आणि स्कूटरांमध्ये ठेवलेले बॉम्ब फुटले. त्यानंतर अनोळखी गाडी ही नुसती अडचण राहिली नाही, तिची खबर देणे हे कर्तव्य ठरले. सरावलीच्या गल्लीत ही शंका सहसा पहिल्या आठवड्यापुरतीच टिकते, पुढे गाडी ओळखीची होऊन जाते.

लिलावात गेलेली गाडी पूर्वी थेट भंगारवाल्याकडे जाई. तिच्या कागदपत्रांचा गैरवापर होण्याची वाट त्यामुळे मोकळी राही. सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रे आणली. तिथे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, चॅसी नंबरचा तुकडा कापून वेगळा ठेवला जातो आणि त्यानंतरच परिवहन कार्यालयातली नोंद रद्द होते.