फौज मोडली, पण तलवार कुणाची? : नागपूर राज्य, १८१७-१८

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील, बोर नदीच्या खोऱ्यातले हिंगणी आज व्याघ्रप्रकल्पाच्या वाटेवरचे गाव म्हणून परिचित आहे. १८१७ साली हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. पेंढाऱ्यांच्या धाकाने या भागातील गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे नागपुरात सैन्य मोडले, तर सुटलेले शिपाई कोणत्या वाटेने जातील, हा प्रश्न अशा गावांच्या जिवाचा होता.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. डिसेंबरात जनरल डव्हटन कुमक घेऊन आला. इंग्रजांची मुख्य अट सरळ दिसत होती : तोफा स्वाधीन करा आणि फौज मोडा. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेंट जेंकिन्सकडे आले. तोफा मात्र सुखासुखी मिळाल्या नाहीत. त्या लढून घ्याव्या लागल्या.

राजा शरण आला तरी फौज शरण का येत नव्हती?

याचे उत्तर मराठेशाहीतील नोकरीच्या रीतीत सापडते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे. नोकरी सुटली की तो आपली तलवार व घोडा घेऊन घरी जाई किंवा दुसरा धनी शोधी. राज्याने जे दिलेच नव्हते, ते राज्याने परत कसे घ्यावे? त्यात पगार थकलेला असे. थकलेली तलब वसूल करण्यासाठी सरदाराच्या दारी धरणे धरणे ही शिपायांची सर्वपरिचित रीत होती. हिशेब चुकता होण्याआधीच मालकाचे राज्य बुडाले, तर शिपायाच्या हाती उरे ते केवळ हत्यार. ते टाकणे म्हणजे येणे बुडवणे. इंग्रजांच्या कागदांत याला ‘बंडखोरी’ म्हटले आहे; ‘थकबाकी’ हा शब्दही तितकाच चपखल ठरला असता.

नागपूर शहरातील अरब तुकड्यांनी हेच दाखवून दिले. त्यांनी शहर सोडण्यास नकार दिला. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांनी केलेला हल्ला फसला. अखेर वाटाघाटी झाल्या. बायकामुले व खाजगी चीजवस्तू घेऊन सुरक्षित निघून जाण्याची मुभा मिळाली, मलकापूरपर्यंत सोबतीला इंग्रज अधिकारी देण्यात आला आणि ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले. जे तोफांनी साधले नाही, ते सुरक्षित वाटेच्या हमीने साधले.

पण मलकापूरच्या पुढे काय, याची तजवीज कुणी केली नव्हती. मे १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गेले. नोकरी सुटलेले अरब त्यांच्याभोवती जमले. त्या जुलैत त्यांनी मुलताई घेतली, आणि बैतुलच्या बाजूस कॅप्टन स्पार्क्सची छोटी तुकडी कापली गेली. मुलताई ते वर्ध्याचा मुलूख हे अंतर घोडेस्वाराला फार नव्हते. हे लोण शमायला एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडेपर्यंतचा काळ लागला.

त्याच काळात दुसरीकडे वेगळा उपाय झाला होता. अमीरखानाला नोव्हेंबर १८१७ च्या तहाने टोंकची नवाबी मिळाली; त्याने फौज मोडली आणि तोफांचा मोबदला घेतला. करीमखान पेंढाऱ्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवले. जमीन मिळाली ती सरदारांना. साध्या शिपायाला मिळाला तो निरोप.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दरबारी फौजेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तीनच वर्षांनी, जून १८५७ मध्ये, नागपूरजवळच्या टाकळीच्या अनियमित घोडदळाने उठाव करण्याचा बेत आखला. बेत फुटला, आणि या वेळी आधी शस्त्रे काढून घेण्यात आली.